वेण्या, विहिणी आणि निळी बाटली

वेणी घालण्याचं कौतुक जगाला दिसतं, वेणी सोडण्याचं काम घरच्यांच्या वाट्याला येतं. माझ्या सुनेच्या डोक्यावरच्या त्या बारीक, कमरेपर्यंत पोचणाऱ्या वेण्या घालायला अटलांटातल्या एका बाईंनी अख्खा दिवस घेतला होता, आणि पैसे असे घेतले होते की त्यांचे रुपये करून पाहायचं मी टाळलं. (मुलाकडे अमेरिकेत राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यातच गुणाकार सोडून द्यावा. नाहीतर कोथिंबीरसुद्धा घशाखाली उतरत नाही.) वेण्या सोडून द्यायचे त्या बाई वेगळे पैसे घेतात. म्हणून चिरंजीवांनी फर्मान काढलं, "शनिवारी आपण सगळे मिळून सोडू." चिरंजीव 'आपण सगळे मिळून' म्हणाले की त्यात ते स्वतः नसतात, हे मी दिवाळीतल्या किल्ल्यांपासून बघत आले आहे.

सून आमची लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सची. कृष्णवर्णीय अमेरिकन, पेशाने फार्मासिस्ट, बोलायला गोड आणि केसांच्या बाबतीत कडक. लग्न ठरलं तेव्हा सांगलीच्या नातेवाइकांनी मला विचारायचं ते आणि न विचारायचं तेही विचारून घेतलं. ती भात खाते का, देव मानते का, साडी नेसेल का. केसांचं काय, हा प्रश्न मात्र कुणालाच सुचला नाही. खरा अवघड पेपर तोच निघाला.

केसांची त्यांच्यात प्रतवारी असते. ओप्रा विन्फ्रीचे केस करणारे आंद्रे वॉकर म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात ती लावून दिली. एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे लाटांचे, तीन कुरळे आणि चार म्हणजे अगदी घट्ट वेटोळ्यांचे. त्यात पुन्हा ए, बी, सी. "मी फोर सी," सूनबाईंनी सांगितलं. मी सारी नोकरी मुलींच्या शाळेत काढलेली. "अगं बाई, चौथी 'क'!" मी म्हटलं, आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. वॉकर यांच्या मूळ यादीत ही 'क' नव्हतीच म्हणे, ती मागाहून लोकांनी वाढवली. तेही ओळखीचंच. 'क' तुकडी नेहमी मागाहूनच निघते, तिला वर्ग जिन्याखालचा मिळतो, आणि 'अ' तुकडीला चालणारे नियम तिच्यावर लादून ती ऐकत नाही म्हणून शिक्षकच ओरडतात. मी सलग बरीच वर्षं 'क' तुकडीची वर्गशिक्षिका होते. त्या मुली ऐकतात. फक्त आधी त्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

तर हे केस मुळातच कातडीखाली वाकडे उगवतात, आणि आडवा छेद घेतला तर गोल नसून चपटे असतात. टाळूतून निघणारं तेल माझ्या सरळ केसावरून काही अडचण न येता टोकाला पोचतं. तिच्या केसावर त्याला आंबोली घाटाची वळणं लागतात आणि पहिल्या दोन वळणांतच त्याचा दम संपतो. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी ठणठणीत. शिवाय प्रत्येक वळणाशी केस कमजोर, तिथेच तो तुटायचा. एवढं कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं: हे केस रोज धुवायचे नाहीत, रोज विंचरायचे नाहीत, आणि मधूनमधून त्यांना वेण्यांमध्ये बांधून ठेवायचं, म्हणजे मालकिणीचा हातसुद्धा लागणार नाही. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही हे केस आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदाच धुवा म्हणते. आमच्या आईचा रविवारच्या न्हाण्याचा नियम यापेक्षा वेगळा नव्हता. तिला फक्त कुणी तज्ज्ञ म्हटलं नाही.

पण वेण्या काही कायमच्या ठेवता येत नाहीत. सहा ते आठ आठवडे झाले की सोडाव्यात, नाहीतर मुळाशी गुंता होतो. सूनबाईंच्या वेण्यांना दोन महिने होत आले होते आणि पुढे गणपती होते.

शुक्रवारी रात्री विहीणबाई आल्या. न्यू ऑर्लिन्सहून स्वतः गाडी हाकत, सात तास. उतरल्या त्या एका हातात गंबो नावाच्या त्यांच्याकडच्या रश्श्याचं भांडं आणि दुसऱ्या हातात कंगव्यांची पेटी घेऊन. आमच्या रीतीने मान वरमाईचा. मुलीच्या आईने पदर सावरून मागे उभं राहायचं. शनिवारी सकाळी विहीणबाई सोफ्यावर ऐसपैस बसल्या, त्यांनी खाली जमिनीवर उशी टाकली, लेकीला दोन गुडघ्यांच्या मधोमध बसवलं आणि मला म्हणाल्या, "हनी, तू त्या बाजूने घे." मान कुठे गेला ते मला कळलंच नाही. मी निमूट डावी बाजू घेतली.

ती बैठक मात्र मी लगेच ओळखली. आमच्या सांगलीच्या घरात मधल्या दाराच्या पायरीवर आई बसायची आणि खालच्या पायरीवर आम्ही बहिणी एकेक करून. शाळेची घंटा व्हायच्या आत सगळ्यांच्या दोन-दोन वेण्या, लाल रिबिनी, वर दुमडून फुलं. मान हलली की कंगव्याची पाठ टाळक्यात. मी हे सांगितल्यावर विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यांच्या आईकडे हाच कार्यक्रम चर्चला जायच्या आधी व्हायचा, आणि कंगव्याच्या पाठीचं काम ब्रशची पाठ करायची.

पहिलं काम कात्रीचं. कमरेपर्यंतच्या त्या वेणीत सुनेचा स्वतःचा केस खांद्याच्या जरासा खालपर्यंतच, पुढचा सगळा मिसळलेला कृत्रिम धागा. तेव्हा स्वतःचा केस जिथे संपतो त्याच्या चांगलं खाली कापायचं आणि मग उरलेली वेणी उलगडायची. आता सासूच्या हातात कात्री आणि पुढ्यात सुनेच्या वेण्या, एवढ्या भांडवलावर मराठी मालिका तीन महिने चालते. सूनबाई मान न वळवता म्हणाल्या, "आई, आर यू शुअर?" मी शुअर होते. वेणी चिमटीत धरून वरून खाली बोटं सरकवत आणली की एका जागी ती बारीक आणि गुळगुळीत लागायला लागते. तिथून चार बोटं खाली कात्री. विहीणबाईंचा नियम त्याहून सोपा होता. शंका आली की आणखी खाली.

मग शेपटीच्या कंगव्याचं टोक पेडांत घालून एकेक पेड मोकळा करायचा. निम्म्यावर आलं की कृत्रिम धागा आपसूक निसटून हातात येतो. हा धागा म्हणजे कानेकॅलोन. जपानच्या कानेका कंपनीचा, एक प्रकारचं अ‍ॅक्रिलिकच. वेण्या घालून झाल्या की त्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवतात, म्हणजे ती सुटत नाहीत. तासाभरात दिवाणखान्याच्या गालिच्यावर कानेकॅलोनचा एवढा ढीग झाला की आमच्या ह्यांनी चहाला येताना त्याला वळसा घातला. चिरंजीवांनी 'सगळे मिळून' मधला आपला वाटा म्हणून उत्साहाने व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. एका मिनिटात त्याच्या ब्रशला सगळा धागा गुंडाळला गेला, यंत्र रडल्यासारखा आवाज करून थांबलं, आणि पुढचा बराचसा दिवस चिरंजीव गॅरेजमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सुखरूप होते. पुरुषांना काम टाळायला यंत्रं किती उपयोगी पडतात!

काही वेण्यांमधून मात्र वेगळेच, मऊ, लाटदार केस निघाले. "ते खरे आहेत," सूनबाई म्हणाल्या, "माणसाचे. शोभेला मधूनमधून घालतात. बहुतेक इंडियाचे." भारतातून जगभर केस जातात आणि त्यातले पुष्कळ देवस्थानांचे असतात, हे मला ऐकून माहीत होतं, तिरुमलाला वाहिलेल्या केसांचे तर रीतसर लिलाव होतात. क्रिस रॉक या विनोदी नटाने २००९ साली 'गुड हेअर' नावाचा माहितीपट काढला, त्यातही तो केसांचा माग काढत भारतात पोचतो. आता आमच्या घरातून बालाजीला नवस फेडून आलेल्या बायका काही कमी नाहीत. मी तो केसांचा झुपका उचलून जरा बाजूला, उंचावर ठेवला. विहीणबाईंनी का म्हणून विचारलं. "पायाखाली यायला नको," मी म्हटलं, "ओळखीचे असू शकतात."

वेण्या सुटत गेल्या तसे केस गळायला लागले. गळायला म्हणजे कंगवाभर, मूठभर, मग दोन मुठी. माझ्या पोटात गोळा आला. आमचे हे डोकावून, स्वतःच्या चकचकीत टाळूवर हात फिरवत, "मला डॉक्टरने अशा वेळी लवकर दाखवायला हवं होतं म्हणून सांगितलं होतं," म्हणाले. सूनबाई शांत. फार्मासिस्ट ती. तिने हिशेब मांडायला सांगितला, आणि हिशेब म्हटल्यावर मी माणसात आले. कुणाचेही रोज 50 ते 100 केस गळतातच. आपले गळतात ते मोरीत, उशीवर, आमटीत. वेणीत बांधलेले गळतात ते वेणीतच अडकून राहतात. आठ आठवड्यांचे झाले 56 दिवस. म्हणजे कमीत कमी 2800 आणि जास्तीत जास्त 5600 केस एकाच दिवशी जमा होणार. दोन महिन्यांची थकबाकी एकरकमी. ते मुळाशी पांढरट टोक असलेले सबंध केस निघाले तर काळजी नाही. आखूड तुकडे निघाले तर केस तुटतोय, हात हळू करा. मी तो पुंजका उजेडात धरून एकेक टोक तपासलं. गळतीच होती. ह्यांना परत वर्तमानपत्राकडे पाठवलं.

आणि मग ते कडं दिसलं. वेणी जिथे सुरू होते, अगदी मुळाशी, तिथे प्रत्येक केसपुंजक्याभोवती करड्या रंगाचं, चिकट, कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी साचलेलं. धूळ, कोंडा, टाळूचं तेल आणि दोन महिने चोपडलेली क्रीमं यांची ती घट्ट गाठ. माझा पहिला विचार पाण्याचाच. बादली, शिकेकाई, घाल डोक्यावरून. उठले तशा दोघी मायलेकी एकदम ओरडल्या, "नो वॉटर!" या कड्याला पाणी लागलं की त्याची आणि केसांची जी काय जन्मगाठ बसते ती पुढे कात्रीनेच सुटते. आधी कोरड्यातच, बोटांनी, काहीतरी बुळबुळीत लावून ते फोडायचं. मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून सुरुवात करत मुळाकडे. आणि सगळं मोकळं झाल्यावरच पाणी. जगातली निम्मी पोस्ट-वेणी संकटं घाईघाईने घेतलेल्या अंघोळीतून आलेली आहेत, असं विहीणबाईंचं मत पडलं.

"काहीतरी बुळबुळीत," मी म्हटलं, आणि आत गेले.

निळ्या बाटलीबद्दल आता सांगायलाच हवं. मी येताना खोबरेल तेलाची मोठी बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून आणली होती. तीच बाटली इथे डिकेटरच्या पटेल प्लाझात मिळते, हे मला चिरंजीव दर वेळी सांगतात. जसं काही पटेल प्लाझातल्या बाटलीला आईचा हात लागलेला असतो. आल्या दिवसापासून ती बाटली मी सुनेला देऊ करत होते आणि ती गोड हसून नको म्हणत होती. कारणही तिने समजावलं होतं. कोरड्या केसाला ओलावा देतं ते पाणी. तेल ओलावा देत नाही, आत आहे तेवढा धरून ठेवतं. कोरड्या केसावर नुसतं तेल ओतलं तर तो चकचकीत कोरडा राहतो, एवढंच. शिवाय खोबरेल सगळ्यांना मानवतं असंही नाही, काहींचे केस त्याने ताठर होतात. हे सगळं मला पटलं होतं, पण बाटलीला पटलं नव्हतं. ती न्हाणीघराच्या फळीवर उभी राहून वाट बघत होती.

विहीणबाईंनी बाटली हातात घेतली, वास घेतला, तळहातावर थोडं ओतून बोटांत चोळलं आणि त्या कड्यावर लावून अंगठ्याने हलकेच दाबलं. कडं मऊ होऊन सुटलं. "ओ, दिस इज गुड," त्या म्हणाल्या. मी काहीही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. गॅरेजमधून फोन बघत बघत चिरंजीव आले आणि त्यांनी वर पुरावाच वाचून दाखवला: 2003 साली आरती रेळे आणि मोहिले या दोघांनी कॉस्मेटिक सायन्सच्या नियतकालिकात निबंध छापला आहे. मिनरल ऑइल, सूर्यफूल आणि खोबरेल तपासून पाहिली, तर धुण्याच्या आधी किंवा नंतर लावल्यावर केसातल्या प्रथिनांची झीज कमी करणारं तेल एकटं खोबरेलच निघालं. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. बाकीची तेलं दारातच बसून राहतात. संशोधन कुणाचं? मुंबईच्या मॅरिको कंपनीचं. आणि निळी बाटली कुणाची? त्यांचीच. आता सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते खरं, पण सोनाराने आपल्याच दुकानाचं सोनं शंभर नंबरी म्हटलं तर सूनबाई भुवई वर करणारच. तिने ती केली. तरी धुण्याआधी लावायला हरकत नाही, इथवर तह झाला. धुण्याआधी, टाळूवर थापायचं नाही, आणि सासूच्या अंदाजाने नाही.

कपाळाजवळचे केस मोकळे करताना विहीणबाई फार जपत होत्या. तिथल्या बारीक, लवेसारख्या केसांना ओढ सहन होत नाही. घट्ट वेण्या सतत घातल्या तर कानशिलं आणि कपाळाची कड मागे सरकते, आणि फार काळ ओढ बसली तर ते केस परत येतही नाहीत. वेण्या घातल्यावर दुखत असेल, पुटकुळ्या येत असतील तर त्या घट्टच आहेत. सुंदर दिसण्यासाठी दुखायलाच पाहिजे हे थोतांड आहे. हे बोलता बोलता त्यांची नजर माझ्या डोक्यावर गेली. त्यांनी मला खाली वाकायला लावलं, माझा भांग बोटाने फाकवला आणि गंभीरपणे विचारलं, "हू डिड दिस टु यू?"

"माझ्या आईने," मी म्हटलं. "शाळेच्या घंटेआधी."

भांग माझा खरंच रुंद झालेला आहे, इतकी वर्षं मी ते वयावर ढकलत होते. हा ओढीने केस जाण्याचा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला तो 1907 साली ग्रीनलंडमधल्या बायकांमध्ये, घट्ट बांधलेल्या शेंड्यांमुळे. म्हणजे ग्रीनलंड, न्यू ऑर्लिन्स आणि सांगली येथील आयांमध्ये पत्रव्यवहार नसतानाही एकमत होतं.

मोकळ्या झालेल्या केसांचे भाग पाडून, प्रत्येकाला सैलसर पीळ देऊन मग न्हाणीघर. हेही महत्त्वाचं. सगळे केस डोक्यावर गोळा करून फेस करायचा नाही, इतका वेळ सोडवलेला गुंता परत तयार. साचलेलं सगळं काढणारा शाम्पू टाळूला, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. टोकं ओघळणाऱ्या फेसानेच स्वच्छ होतात. एकेक भाग धुवायचा, परत पीळ द्यायचा. मग जाडसर कंडिशनर, वर प्लास्टिकची टोपी आणि अर्धा तास गप्प बसणं.

मराठी आणि लुइझियानाच्या बायकांना अर्धा तास गप्प बसणं शक्य नसल्यामुळे पुढचं संभाषण झालं. विहीणबाईंच्या पेटीत रंगीत, रेशमी कापडाची एक पट्टी होती. डोक्याला बांधायची. ती कशी बांधतात ते दाखवता दाखवता त्यांनी सांगितलं की 1786 साली, लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, एस्तेबान मिरो नावाच्या गव्हर्नरने हुकूम काढला होता: स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय बायकांनी केस उघडे टाकून, नटूनथटून हिंडायचं नाही, डोक्याला फडकं गुंडाळायचं. बायकांनी हुकूम पाळला. फडकी आणली ती भारीतली भारी, रंगीबेरंगी. त्यात पिसं, खडे, झोकदार गाठी. गव्हर्नरला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं, आणि गोऱ्या बायका तशी फडकी बांधायला लागल्या.

मग मी माझ्या पणजीबद्दल सांगितलं. तिचा एकच फोटो आहे. काळा-पांढरा, तरी आलवण लाल होतं हे घरात सगळ्यांना माहीत. कोवळ्या वयात विधवा झाली आणि न्हाव्याला घरी बोलावलं गेलं. तिच्या केसांचा रंग, पोत, लांबी, यातलं काहीही कुणाला ठाऊक नाही. विहीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मी त्यांना हेही सांगितलं की नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस काढायचं हे काम करायचं नाही असं ठरवलं होतं. आणि ज्या जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, त्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहून ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. "म्हणजे आपली ओळख जुनीच," विहीणबाई म्हणाल्या.

मग विषय आजच्या कायद्यांवर आला. वेण्यांवरून किंवा नैसर्गिक केसांवरून नोकरीत, शाळेत कुणाला अडवू नये असा कायदा अमेरिकेत पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने केला, 2019 साली. लुइझियानाने केला 2022 साली. मिरोच्या हुकमापासून 236 वर्षं. वजाबाकी मीच केली, विहीणबाईंनी पुन्हा करून पाहायला सांगितली.

टोपी उतरायच्या आधी प्रथिनांचा विषय निघाला. वेण्यांनी थकलेल्या केसांना प्रथिनं देतात, पण तीही बेताने. जास्त झाली की केस कडक होऊन मोडतात. मी अंड्याचं नाव काढलं, विहीणबाईंनी मेयोनीजचं. दोघींच्या लहानपणी डोक्याला काय काय लागलेलं होतं याची उजळणी झाली. फार्मासिस्ट बाईंनी टोपीखालून निकाल दिला: कच्च्या अंड्यातलं प्रथिन एवढं मोठं असतं की ते केसात शिरतच नाही, त्यासाठी आधी त्याचे बारीक तुकडे केलेले असावे लागतात, ते कारखान्यात होतात. तेव्हा अंडं तव्यावर घाला. ते घातलं, आणि सगळ्यांनी खाल्लं.

केस पुसायला जाड टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत वेटोळी अडकतात. जुना सुती टी-शर्ट घेतात. या एका ठिकाणी मी बाजी मारली. बॅगेतून ह्यांचा धुवून धुवून मलमल झालेला पंचा काढला. सूनबाईंनी तो डोक्याला लावला आणि विचारलं, "असे आणखी आहेत?" आमच्याकडे पंचाने ओले केस फटाफट झटकतात, तेवढं मात्र चालणार नाही. दाबायचं, टिपायचं, बस्स. मग ओलसर केसांवर न धुवायचं कंडिशनर, त्यावर ओलावा धरून ठेवायला किंचित तेल, आणि रात्री सॅटिनची टोपी, म्हणजे उशीचा सुती अभ्रा ओलावा पिणार नाही.

आणि केस वाळले तसे वर गेले! सकाळी ओढून धरल्यावर खांद्याखाली येणारा केस संध्याकाळी हनुवटीलाही पोचेना. हे आकसणं निम्म्याहून जास्त असू शकतं. लांबी कुठेही गेलेली नाही, वेटोळ्यांत आहे. सांगलीच्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर हे समजावताना माझा घसा कोरडा झाला, ती शेवटपर्यंत "पण कापले का?" एवढंच विचारत राहिली.

यानंतर निदान एक-दोन आठवडे केसांना नुसतं राहू द्यायचं. नवीन वेण्या नाहीत, टाइट अंबाडा नाही, दुभंगलेली टोकं तेवढी कातरायची. म्हणून गणपतीच्या आरतीला सूनबाई नऊवारी नेसून आणि केस मोकळे सोडून आल्या. ते केस काळोख्या तेजाने डोक्याभोवती उभे होते. विहीणबाई शेजारी, डोक्याला ती रेशमी पट्टी. आरती संपायच्या आत एका काकूंचा हात मागून आला. "अय्या, किती मऊ गं, खरे आहेत?" विहीणबाईंनी तो हात हवेतच पकडला, प्रेमाने दाबला आणि त्यात प्रसादाचा मोदक ठेवला. इतक्या वर्षांच्या सरावाशिवाय हे जमत नाही.

त्या काकू भल्या आहेत, त्यांना नुसतं कुतूहल होतं. पण तुमच्या ओळखीत, नात्यात, मुलाच्या कॉलेजात, लेकीच्या ऑफिसात कुणी नुकत्याच वेण्या सोडल्या असतील, तर एक विनंती. केसांना हात लावू नका आणि 'सरळ का करत नाही' हे विचारू नका. मदत करायचीच असेल तर केरसुणी घ्या. व्हॅक्यूम क्लीनर नको. कानेकॅलोन महिनाभर सोफ्याखाली सापडत राहतं.